अफवेचा पल्ला

१० मे २०२५ या दिवशी, सीमेवर ड्रोन, क्षेपणास्त्रं आणि तोफा चालू असताना, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरी संरक्षण विभागाला आपल्याच वृत्तवाहिन्यांसाठी एक पत्रक काढावं लागलं. विषय होता भोंगा. हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा तुमच्या कार्यक्रमांत वाजवू नका. लोकांना त्याची सवय झाली तर खरा इशारा होईल तेव्हा कुणी जागचं हलणार नाही, असं त्या पत्रकाचं म्हणणं.

तीनच दिवस आधी, ७ मेला, देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला होता. आपल्याकडे मुंबई, उरण, तारापूर ही त्यातली ठळक ठिकाणं. उरणला तेल आणि वायू, तारापूरला अणुवीज. भोंगा झाला की कुठे थांबायचं, दिवे कधी मालवायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी सांभाळायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडावं म्हणून यंत्रणा राबत होती. आणि तोच भोंगा आपल्या दिवाणखान्यात, चर्चा करणाऱ्यांच्या आरडाओरड्यामागे, रात्रभर वाजत होता.

मला याचा संताप आहे आणि तो झाकून ठेवायची इच्छा नाही. जगण्या-मरण्याची खूण असलेला आवाज ज्यांनी प्रेक्षक खेचण्यासाठी वापरला, त्यांनी देशाच्या संरक्षणातली एक कामाची वस्तू मोडून ठेवली.

अण्वस्त्रांचा धाकही अशाच खुणांवर चालतो. तू अमुक केलंस तर मी तमुक करीन, हे समोरच्याला कळलं पाहिजे आणि पटलंही पाहिजे. एवढं सगळेच सांगतात. पण त्याला आणखी एक गोष्ट कळावी लागते: मी ते अजून केलेलं नाही. हा दुसरा भाग गेला तर पहिला भाग नुसता धोका होऊन बसतो, कारण समोरचा माणूस घडलेल्या गोष्टीऐवजी ऐकलेल्या गोष्टीला उत्तर देऊ लागतो. खोटी बातमी घाव घालते ती नेमकी या दुसऱ्या भागावर.

८ मेच्या रात्री काय झालं ते आठवा. आयएनएस विक्रांतने कराची बंदर उद्ध्वस्त केलं, असं अनेक वाहिन्यांनी जाहीर केलं. भारतीय फौजा इस्लामाबादेत शिरल्या, पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना अटक झाली, अशाही बातम्या झळकल्या. यातलं काहीही घडलं नव्हतं. कराचीची म्हणून जी दृश्यं फिरली त्यांत फिलाडेल्फियातल्या विमान अपघाताची दृश्यं होती. त्यातच कराची पोर्ट ट्रस्टच्या एक्स खात्यावरून मोठं नुकसान झाल्याचा संदेश गेला. मग खुलासा आला, की खातं कुणीतरी हॅक केलं होतं, बंदराचं काम सुरळीत चालू आहे. एखाद्या निवेदकाने नंतर माफी मागितली. बाकीचे पुढच्या बातमीकडे वळले.

‘असू दे, तेवढंच आपल्या लोकांचं मनोधैर्य वाढलं,’ असं म्हणणारे मला भेटतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या रात्री भारतीय नौदल खरोखरच उत्तर अरबी समुद्रात, आघाडीवर, सज्ज होतं. ११ मेच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं, की समुद्रातली आणि जमिनीवरची निवडक लक्ष्यं, कराचीसुद्धा, आपल्याला हव्या त्या वेळी टिपण्याची नौदलाची पूर्ण तयारी होती. ताफा होता, शस्त्रं होती, पल्ला होता. हल्ला मात्र झालेला नव्हता, आणि नौदलाची सारी किंमत त्या क्षणी या थांबण्यात होती.

आता पलीकडच्या किनाऱ्यावर बसलेल्या अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहा. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी याच कराचीवर हल्ला चढवला होता. तो त्यांच्या नौदलाच्या स्मरणातून जाणं शक्य नाही. समोरच्या समुद्रात भारतीय ताफा आहे. भारतीय वाहिन्या सांगतात बंदर गेलं. आपल्याच बंदराचं अधिकृत खातं सांगतं बंदर गेलं. बंदर डोळ्यांना दिसतं म्हणून ही अफवा काही मिनिटांत खोटी ठरवता आली. मुंबई ते कराची सरळ अंतर नऊशे किलोमीटरच्या आत आहे. क्षेपणास्त्राला ते कापायलाही काही मिनिटंच लागतात.

आणि सगळ्याच गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत.

२८ नोव्हेंबर २००८. शुक्रवार. मुंबईवरचा हल्ला सुरू होऊन दोन दिवस झाले होते आणि ताजमध्ये चकमक अजून चालू होती. त्या संध्याकाळी पाकिस्तानचे अध्यक्ष आसिफ अली झरदारी यांना एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण भारताचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी असल्याचं सांगितलं आणि हल्ल्यामागच्या लोकांवर कारवाई झाली नाही तर भारत लष्करी पाऊल उचलेल, अशी धमकी दिली. अशा फोनवर बोलणाऱ्याची ओळख पटवण्याच्या ज्या पायऱ्या असतात त्या ओलांडून तो थेट अध्यक्षांना जोडला गेला होता. पाकिस्तानी हवाई दल सर्वोच्च सज्जतेत गेलं आणि जवळजवळ चोवीस तास त्याच अवस्थेत राहिलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘डॉन’ या पाकिस्तानी दैनिकाने हे सगळं छापलं तेव्हा जगाला कळलं.

अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांच्या आठवणींत या घबराटीचं वर्णन आहे. भारताने युद्धाचा इशारा दिला आहे असं पाकिस्तानकडून कळल्यावर त्या मुखर्जींना गाठायचा प्रयत्न करत राहिल्या, आणि मुखर्जी हाती लागेनात. लागले तेव्हा ते दिल्लीबाहेर होते, आपल्या मतदारसंघात. युद्ध सुरू करायचं असतं तर मी राजधानी सोडून इथे आलो असतो का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. नंतर मुखर्जींनी जाहीरपणे सांगितलं, की असा फोन मी केलेला नाही, आणि शेजारचा देश अशा खोट्या फोनवर पावलं टाकायचा विचार करतो ही काळजीची गोष्ट आहे. पाकिस्तानचं सरकार तेव्हा फोन भारताच्या परराष्ट्र खात्याच्याच क्रमांकावरून आल्याचं ठासून सांगत होतं. वर्षभराने ‘डॉन’नेच लिहिलं, की फोन करणारा होता ओमर सईद शेख. सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात बसलेला, अमेरिकी पत्रकार डॅनियल पर्ल यांच्या अपहरण-हत्येच्या खटल्यात शिक्षा झालेला, आणि त्याआधी, डिसेंबर १९९९ मध्ये, कंदहारला नेलेल्या विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात भारताने सोडलेल्या तिघांपैकी एक.

हे पुन्हा वाचा. एक कैदी, त्याच्या हातातला एक मोबाइल, आणि एका अण्वस्त्रधारी देशाचं हवाई दल.

२६ नोव्हेंबरच्या त्या साठ तासांतलं खूप काही मुंबईने जपून ठेवलं आहे. सीएसटीचे फलाट, कामा रुग्णालय, लिओपोल्ड, नरिमन हाऊस. दरवर्षी आपण तिथे फुलं वाहतो आणि ते योग्यच आहे. त्या फोनबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. बंदुका घेऊन आलेल्या दहा जणांनी एका शहरात जे केलं ते दोन देशांत पसरवायचा तो प्रयत्न होता. त्या वेळी माणसं फोन उचलून एकमेकांना विचारत राहिली, ‘तुम्ही खरंच असं म्हणालात का?’, म्हणून तो फसला. शहानिशा झाली. उशिरा झाली, धडपडत झाली, वॉशिंग्टनहून झाली. पण झाली.

तेव्हा एक्स नव्हतं, म्हणजे ट्विटर होतं पण मंत्री त्यावर नव्हते. पुढे मंत्री आले.

डिसेंबर २०१६ मध्ये एका भुरट्या संकेतस्थळाने बातमी दिली, की पाकिस्तानने सीरियात फौज पाठवली तर इस्राएल त्याच्यावर अण्वस्त्र टाकील असं इस्राएलच्या संरक्षणमंत्र्यांनी म्हटलं आहे. बातमीत संरक्षणमंत्री म्हणून मोशे यालोन यांचं नाव होतं. त्या वेळी ते पदावरही नव्हते. आविग्दोर लिबरमन होते. पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी एवढंही पाहिलं नाही. त्यांनी ट्विट करून इस्राएलला बजावलं, की पाकिस्तानसुद्धा अण्वस्त्रधारी राष्ट्र आहे. इस्राएलच्या संरक्षण मंत्रालयाला मग जाहीर उत्तर द्यावं लागलं, की असं कुणी बोललेलंच नाही. खोट्या धमकीला खरी धमकी गेली होती, आणि ती देणाऱ्याला आपल्या कार्यालयातल्या एखाद्या कारकुनाला विचारूनही खरंखोटं कळलं असतं.

मे २०२५ मध्ये आसिफ पुन्हा संरक्षणमंत्री होते. भारताची विमानं पाडल्याचा पुरावा काय, असं सीएनएनने विचारल्यावर त्यांनी समाजमाध्यमांकडे बोट दाखवलं: सगळीकडे तेच तर चाललंय, भारतीयांच्या खात्यांवरसुद्धा. त्याच महिन्यात पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी ‘डेली टेलिग्राफ’च्या पहिल्या पानाचा हवाला देऊन सिनेटमध्ये आपल्या हवाई दलाची तारीफ केली. ते पान बनावट होतं, आणि तसं पाकिस्तानातल्याच ‘डॉन’ने दाखवून दिलं. पाकिस्तान सरकारच्या एक्स खात्यावर लढाईची म्हणून जी चित्रफीत टाकली गेली ती ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातली निघाली.

आपल्याकडे तर पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते दोन विमानं गमावल्याची कबुली देत आहेत, अशी चित्रफीत लाखोंनी पाहिली आणि काही वृत्तसंस्थांनी बातमी म्हणून दिली. ती डीपफेक होती. चेहरा त्यांचा, ओठ यंत्राने हलवलेले. उद्या अशाच चित्रफितीत एखादा सेनापती कबुलीऐवजी आदेश देताना दिसेल. तेव्हा ‘लाखोंनी पाहिलं’ हीच त्यातली सर्वांत भयंकर गोष्ट असेल.

याची किंमत कुणी मोजली? संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मे महिन्याच्या अखेरीस सिंगापूरमध्ये सांगितलं, की ऑपरेशन सिंदूरच्या, म्हणजे मे २०२५ च्या या लढाईच्या काळात सैन्याचा सुमारे १५ टक्के वेळ खोट्या बातम्यांशी झुंजण्यात गेला. ज्या अधिकाऱ्यांनी त्या चार दिवसांत शत्रूच्या हालचाली पाहायच्या, त्यांचा वेळ आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ म्हणून आलेलं खोडण्यात गेला. मनोधैर्य वाढवायला म्हणून अंगठा दाबणाऱ्या प्रत्येकाने त्या १५ टक्क्यांत आपला वाटा ओळखावा.

पण सगळा दोष ग्रुपवर आणि वाहिन्यांवर ढकलून सरकारांना मोकळं सोडायला मी तयार नाही. अफवा रिकाम्या जागेत वाढते, आणि ती जागा बहुधा सरकारच रिकामी ठेवतं. ज्या सिंगापुरात जनरल चौहान यांनी ते १५ टक्के सांगितले, तिथेच, ३१ मेला, आपली काही विमानं पडल्याचंही पहिल्यांदा स्पष्टपणे मान्य केलं. पहिली कारवाई ७ मेची. मधले चोवीस दिवस पाकिस्तान आकडा सांगत होता, परदेशी वर्तमानपत्रं आपापले अंदाज छापत होती, आणि भारतीय नागरिकाला त्याच्या सरकारकडून ठोस काही मिळत नव्हतं. लढाई चालू असताना सगळं सांगता येत नाही हे कुणालाही कळतं. पण शस्त्रसंधी १० मेला झाली होती. त्यानंतर तीन आठवडे गप्प राहून आपण शत्रूचा आकडा पोसला. त्याआधीच ८,००० हून अधिक खाती बंद करण्याचे आदेश सरकारने दिल्याचं एक्सने जाहीर केलं होतं. खाती बंद करण्याची घाई, खरं सांगण्याची नाही. रात्रभर कराची जाळणाऱ्या वाहिन्यांचं काय झालं? मला एकाही वाहिनीचं प्रक्षेपण तासभर थांबल्याचं आठवत नाही.

याहून गंभीर प्रकार आधी झाला आहे. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानच्या पंजाबात, मियाँ चन्नूजवळ, सीमेपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती आणि कुणी मेलं नाही. भारताने ते आपलं असल्याचं आणि अपघाताने सुटल्याचं जाहीर केलं ११ मार्चला, पाकिस्तानी लष्कराने पत्रकार परिषद घेऊन जगाला सांगितल्यावर. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. चूक कुणाकडूनही होते. मला खुपतात ते मधले दोन दिवस. तसंच क्षेपणास्त्र ८ मे २०२५ च्या रात्री, वाहिन्या कराची पडल्याचं सांगत असताना सुटलं असतं, तर ते अपघाताने सुटलं यावर पलीकडे कुणी विश्वास ठेवला असता?

आता किराणा टेकड्या. पाकिस्तानी पंजाबात सरगोधाजवळच्या या टेकड्यांचा १९८० च्या दशकापासून पाकिस्तानच्या अण्वस्त्र कार्यक्रमाशी संबंध सांगितला जातो. १० मेला भारताने सरगोधाच्या हवाई तळावर मारा केला. त्यानंतर लगेच वावड्या उठल्या: भारताने अण्वस्त्रांचा साठाच फोडला, किरणोत्सर्ग सुरू झाला, त्याची तपासणी करणारं अमेरिकी विमान येऊन गेलं. किरणोत्सर्गाचा इशारा देणारं एक बनावट सरकारी पत्रकही फिरलं. १२ मेला एअर मार्शल ए. के. भारती यांनी किराणा टेकड्यांवर आपण मारा केलेला नाही असं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही असं स्पष्ट केलं. तरीही आपल्याकडे कितीतरी लोकांना ती अफवाच हवी होती. आजही ती छाती फुगवून सांगणारे लोक आहेत.

त्यांना मी विचारतो, तुम्ही नक्की काय सांगताय? भारताने पाकिस्तानच्या अण्वस्त्रांच्या साठ्यावर हल्ला केला, असं तुम्ही अभिमानाने सांगताय. अण्वस्त्रं हाताबाहेर जाणार असं ज्याला वाटतं, तो ती आधी वापरायचा विचार करतो. अण्वस्त्रांच्या धाकाच्या शास्त्रातला हा पहिला धडा आहे. भारताने २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केलं, की आम्ही अण्वस्त्र पहिल्यांदा वापरणार नाही. पाकिस्तानने असं वचन कधीच दिलेलं नाही. त्याच १० मेच्या सकाळी पाकिस्तानच्या पंतप्रधानांनी अण्वस्त्रांचा निर्णय घेणाऱ्या नॅशनल कमांड अथॉरिटीची बैठक बोलावल्याची बातमी तिथल्या लष्कराच्या हवाल्याने आली, आणि काही वेळाने ख्वाजा आसिफ यांनी अशी बैठक नसल्याचं सांगितलं. बैठक खरी की नुसता इशारा, हे ओळखायला दिल्लीत ज्यांना बसावं लागलं त्यांच्या डोक्यावर किराणाची अफवा आणखी ठेवायची? हे देशप्रेम नाही. मी तरी त्याला देशप्रेम म्हणणार नाही.

केनेथ वॉल्ट्झ आणि स्कॉट सेगन या दोन अमेरिकी अभ्यासकांचा जाहीर वाद १९९५ मध्ये पुस्तकरूपाने आला. वॉल्ट्झ म्हणत, अण्वस्त्रं आली की राज्यकर्ते शहाण्यासारखे वागू लागतात. सेगन म्हणत, अस्त्रं माणसांच्या मोठमोठ्या यंत्रणांच्या ताब्यात असतात आणि यंत्रणा घसरतात. १९९८ च्या मे महिन्यात पोखरण आणि चगाईत अणुचाचण्या झाल्या आणि तो वाद आपल्या दारात आला. वॉल्ट्झ यांच्या बाजूचे लोक आजही म्हणतात, कारगिल झालं, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर महिनोन्‌महिने फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, बालाकोट झालं, सिंदूर झालं. पण पूर्ण युद्ध पेटलं नाही. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. धाक काम करतो. पण प्रत्येक खेपेला मर्यादा पुढे सरकली हेही तितकंच खरं. १९९९ मध्ये आपल्या हवाई दलाने नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता. २०१९ मध्ये विमानांनी बालाकोटवर बॉम्ब टाकले. २०२५ मध्ये रावळपिंडीच्या नूर खान तळावर मारा झाला. पाकिस्तानच्या अण्वस्त्रांचा कारभार पाहणाऱ्या विभागाचं मुख्यालय तिथून जवळच आहे. सिप्री या संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२५ च्या सुरुवातीला भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रं होती. वॉल्ट्झ यांचा शहाणा राज्यकर्ता या सगळ्यात टिकायचा असेल तर त्याच्या टेबलावर खरी माहिती पोचली पाहिजे, आणि विचार करायला वेळ मिळाला पाहिजे. आज त्या दोन्ही गोष्टी कमी होत चालल्या आहेत, आणि त्या कमी करण्यात आपल्यातल्याच लोकांचा हात आहे.

वेळ आणि यंत्रणा असली की काय होतं, याचं उदाहरण युरोपात आहे. १५ नोव्हेंबर २०२२ ला युक्रेनच्या सीमेलगत, पोलंडमधल्या प्शेवोदुव्ह या खेड्यात एक क्षेपणास्त्र पडून दोघे मेले. असोसिएटेड प्रेसने (एपी) अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याचा हवाला देऊन ते रशियाचं असल्याची बातमी दिली. पोलंड नाटोत आहे. एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला, असं नाटोचं पाचवं कलम सांगतं. रशिया आणि नाटो यांच्यात युद्ध सुरू होतंय की काय, या धास्तीने जगभर लोक मथळे वाचत होते. जी-२० साठी बालीत असलेले अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी मित्रदेशांच्या नेत्यांना तातडीने एकत्र बसवलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की क्षेपणास्त्राचा मार्ग पाहता ते रशियातून सुटलं असण्याची शक्यता कमी आहे. दुसऱ्या दिवशी नाटोने सांगितलं, की ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं होतं. एपीने बातमी मागे घेतली आणि बातमीदाराला नोकरीवरून काढलं. कुणी काहीही म्हणो, त्या रात्री नाटोने विचारायचं काम आधी केलं आणि बोलायचं नंतर. त्यासाठी त्यांच्याकडे रडार होती, नियमित बैठक होती, आणि एकमेकांचं ऐकायची सत्तर वर्षांची सवय होती.

आपल्या भागातली नवी युती पाहा. १७ सप्टेंबर २०२५ ला रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तानने संरक्षण करार केला. एकावरचं आक्रमण ते दोघांवरचं, असं त्याचं मुख्य वाक्य. मग यात पाकिस्तानची अण्वस्त्रं येतात का? ख्वाजा आसिफ यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं, आमच्या सगळ्या क्षमता या कराराखाली उपलब्ध असतील. रॉयटर्सला मात्र सांगितलं, अण्वस्त्रांचा विषय यात नाही. आखाती देशांत कितीतरी मराठी माणसं नोकऱ्या करतात. रियाध, जेद्दा, दम्माममधून रत्नागिरी-चिपळूणला पैसे येतात. पुढच्या वेळी उपखंडात ठिणगी पडली आणि सौदी फौजांबद्दलची एखादी बनावट चित्रफीत सुटली, तर ती खोटी ठरवायला कुणी कुणाला फोन करायचा? रियाधमध्ये झालेल्या करारावर सही करणाऱ्यांनी याचं उत्तर कुठेही दिलेलं मला दिसलं नाही.

मला कुणी म्हणेल, शत्रूबरोबर शहानिशा कसली. तर आपण ती करत आलो आहोत. ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात करार झाला, की दोन्ही देश एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करणार नाहीत आणि दरवर्षी १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतील. अणुवीजकेंद्रं आणि संशोधन अणुभट्ट्या त्या करारात येतात, म्हणजे आपलं तारापूर आणि ट्रॉम्बे त्याच्या छत्रात आहेत. १९९२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. कारगिलनंतर नाही, २६ नोव्हेंबरनंतर नाही. मे २०२५ नंतर व्यापार, व्हिसा, सिंधू करार सगळं ठप्प असताना १ जानेवारी २०२६ ला याद्या गेल्या आणि आल्या. आणि १० मेची शस्त्रसंधीसुद्धा कशी झाली? दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी आपल्या महासंचालकांना फोन केला. लष्कराची ती लाइन चालते.

मग तिच्या शेजारी राजकीय नेतृत्वासाठी तशीच, सांकेतिक खुणा ठरलेली, चोवीस तास उचलली जाणारी लाइन का असू नये? परराष्ट्र सचिवांमध्ये थेट लाइन ठेवायचं २००४ मध्ये ठरलं होतं, तरी चार वर्षांनी झरदारींच्या कानाला खोटे मुखर्जी लागलेच. २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी एकमेकांना कळवावं लागतं. क्रूझ क्षेपणास्त्रं त्यातून वगळली आहेत. ब्राह्मोस क्रूझ आहे. मियाँ चन्नूजवळ पडलं ते याच जातीचं. त्या करारात क्रूझचा समावेश करायला, आणि चुकून सुटलेल्या कुठल्याही अस्त्राची खबर त्याच तासाला देण्याचं बंधन घालायला, मैत्री लागत नाही. १९८८ मध्ये तरी कुठे होती? संसदेच्या पुढच्या अधिवेशनात एखाद्या मराठी खासदाराने एवढा एक प्रश्न विचारावा. तारापूर पालघर मतदारसंघात येतं.